मोटारीचा रंग आणि नवशिक्याचा हात

ज्या घरांत पितळेचीं भांडीं चिंचेनें आणि राखेनें घांसून लखलखीत करण्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या घरांतील माणसांची अशी सहज समजूत असते कीं, वस्तु जितकी अधिक घांसावी तितकी ती अधिक उजळते. पितळ आणि तांबें यांच्या बाबतींत ही समजूत खोटी नाहीं. भांड्याचा पत्रा जाड असतो. दर सणावारीं त्याचा अति सूक्ष्म अंश निघून गेला, तरी तें भांडें आजीकडून नातीकडे जाण्याइतकें टिकतें. परंतु हीच समजूत मनांत बाळगून एखादा गृहस्थ जेव्हां आपल्या मोटारीकडे वळतो, तेव्हां त्याचा हात त्याच्या नकळत शत्रूचें काम करूं लागतो. मोटारीची चकाकी ही घांसून बाहेर काढावयाची वस्तु नव्हे. ती कारखान्यांतून गाडीबरोबर मिळालेली ठेव आहे. ठेवींतून रोज थोडें थोडें काढीत राहिलें, तर एके दिवशीं पेटी रिकामी होते. मोटार घरीं उजळूं पाहणाऱ्या नवशिक्यानें पहिला धडा घ्यावयाचा तो हाच.

मोटारीची कानाकोपऱ्यापर्यंत जाणारी अंतर्बाह्य स्वच्छता आणि तिच्या रंगाची निगा, या दोहोंस मिळून हल्लीं 'डिटेलिंग' असें म्हणतात. शहरांत हें काम करून देणारीं दुकानें ठिकठिकाणीं झालीं आहेत आणि त्यांचे दरही कांहीं थोडे नाहींत. त्यामुळें सुटीच्या दिवशीं तें घरींच करून पाहावें, अशी इच्छा पुष्कळांस होते. इच्छा स्तुत्य आहे. या कामाला फार मोठी सामग्री लागत नाहीं, आणि स्वतःच्या हातांनीं केलेल्या कामाचें समाधान कांहीं निराळेंच असतें. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. हें काम मुळींच न केल्यानें जेवढें नुकसान होतें, त्याहून अधिक नुकसान तें चुकीच्या रीतीनें केल्यानें होऊं शकतें.

उदाहरणादाखल पुण्यांतील एखादें मध्यमवर्गीय कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. मुलाला नोकरीस लागून तीन-चार वर्षें झालीं आहेत. त्यानें नुकतीच एक गर्द निळ्या रंगाची, सहा वर्षें वापरलेली मोटार विकत घेतली आहे. वडील निवृत्त आहेत. एके काळीं त्यांच्यापाशीं हिरवी प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली. ती गाडी वडिलांनीं वीस वर्षें वापरली आणि दर दसऱ्याला स्वहस्तें पॉलिश केली. आतां खंडेनवमी आठवड्यावर आली आहे. त्या दिवशीं शस्त्रें, हत्यारें आणि यंत्रें यांच्याबरोबर वाहनाचीही पूजा व्हावयाची. तेव्हां रविवारीं बापलेकांनीं मिळून गाडी उजळावयाचें ठरविलें. वडिलांनीं कपाटांतून रबिंग कंपाउंडची डबी काढली. मुलानें बाजारांतून नवीं फडकीं आणलीं. दोघांचा हेतु एकच होता, पण दोघांच्या मनांतील मोटारी निराळ्या होत्या. हा निराळेपणा समजण्यासाठीं मोटारीच्या रंगाचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

मोटारीच्या आरंभकाळीं तिला घोड्याच्या बग्गीप्रमाणेंच तेलाचें रोगण लावीत. एकावर एक थर द्यावयाचे, प्रत्येक थर वाळूं द्यावयाचा, मग तो घांसून सपाट करावयाचा, अशा खटाटोपांत एकेका गाडीमागें कित्येक आठवडे जात. अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीनें १९२३ च्या सुमारास 'ड्यूको' नांवाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग पुढें आणला आणि १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर तो झळकला. हा रंग फवाऱ्यानें मारतां येई आणि फार लवकर वाळे. आठवड्यांचें काम दिवसांवर आलें. आपल्याकडील रंगाऱ्यांच्या तोंडीं 'ड्यूको' हा शब्द अजूनही आहे, तो त्याच काळची खूण होय.

पुढील कित्येक दशकें रंगांचीं रसायनें बदलत गेलीं, तरी रंगाची घडण बहुधा एकच राहिली. रंगद्रव्य आणि चकाकी हीं दोन्ही एकाच थरांत असत. ऊन, पाऊस व हवा यांनीं त्या थराचा पृष्ठभाग मरे आणि त्यावर खडूसारखी पांढुरकी कळा येई. अशा वेळीं रबिंग कंपाउंडनें वरचा मेलेला अंश काढला कीं, खालचा ताजा रंग वर येई. फडक्याला गाडीचा रंग लागे, आणि काम नीट चालल्याचा तोच पुरावा समजला जाई. पद्मिनी घांसतांना वडिलांचें फडकें हिरवें होई, तें याचमुळें. त्यांची पद्धति चुकीची नव्हती. त्या रंगाला तीच योग्य होती.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मात्र ही घडण बदलली. रंग आणि चकाकी यांची फारकत झाली. आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा प्रायमर असतो. हा विजेच्या साहाय्यानें, संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून बसवितात. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा दुसरा प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर, आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' म्हणजे बिनरंगी, पारदर्शक लेप. डोळ्यांना जी झळाळी दिसते ती या शेवटच्या लेपाची. उन्हांतील अतिनील किरणांपासून रंगाचें रक्षण करणारीं द्रव्येंही त्याच लेपांत घातलेलीं असतात.

आतां या सर्वांची जाडी ऐकली म्हणजे नवशिक्याचा हात आपोआप हलका होईल. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. कारखान्यांतून आलेल्या रंगाचे सर्व थर मिळून बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यांतील पारदर्शक लेप सुमारें ४० ते ५० मायक्रॉनांचा असतो. माणसाच्या डोक्याचा केंसही साधारणतः याहून जाड असतो. म्हणजे मोटारीचें सारें सौंदर्य आणि उन्हापासूनचें सारें संरक्षण एका केंसाहून पातळ अशा पापुद्र्यावर अवलंबून आहे. तो पापुद्रा घरीं पुन्हां चढवितां येत नाहीं. तो झिजला कीं गाडीवर प्रथम निस्तेज डाग दिसतात, मग त्याचे पोपडे निघूं लागतात आणि अखेर रंगाऱ्याकडे जाऊन तो भाग नव्यानें रंगविण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

ही गाडी मुलानें संध्याकाळीं घेतली तेव्हां ती चांगलीच चकचकीत दिसली होती. पण दुसऱ्या दिवशींच्या सकाळच्या उन्हांत बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं असंख्य बारीक वर्तुळें त्याच्या दृष्टीस पडलीं. गर्द रंगाच्या गाड्यांवर हीं वर्तुळें विशेष उठून दिसतात. पाहणाऱ्यास वाटतें, कोणी तरी गोल गोल हात फिरवून गाडी पुसली असली पाहिजे. वस्तुतः ते चरे सर्व दिशांस वेडेवांकडे गेलेले असतात. परंतु प्रकाशाच्या बिंबाभोंवतीं जे चरे विशिष्ट कोनांत आडवे येतात, तेवढेच प्रकाश डोळ्यांकडे परतवितात. बाकीचे लपून राहतात. त्यामुळें पाहणारा जेथें जाईल तेथें वर्तुळेंही त्याच्याबरोबर सरकतात. सायंकाळच्या मंद उजेडांत किंवा ढगाळ दिवशीं तीं नाहींशीं होतात. जुनी गाडी घेतांना ती भर उन्हांत पाहावी, असें जाणते लोक सांगतात, त्याचें एक कारण हें आहे.

मग हे चरे पाडतो कोण? बहुतेक वेळां झाडाची फांदी नव्हे किंवा रस्त्यावरचीं पोरेंही नव्हेत, तर रोजची स्वच्छता. शहरांतील धुळींत वाळूचे आणि बांधकामाच्या भुकटीचे कण असतात. वाळूंतील गारेचा कण पोलादी सुरीच्या पात्याहूनही कठीण. मग रंगावरचा लेप त्याच्यापुढें काय टिकणार? अशा धुळीवरून कोरडें फडकें फिरविणें म्हणजे गाडीला पॉलिश-कागद लावण्यासारखेंच आहे. गृहसंकुलांतून भल्या पहांटे एक माणूस बादली व फडकें घेऊन येतो आणि उजाडेपर्यंत वीस-पंचवीस गाड्या पुसून जातो. पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीवर जाते. यांत दोष त्या माणसाचा म्हणतां येणार नाहीं. एवढ्या गाड्यांसाठीं त्याला मिळणाऱ्या एक-दोन बादल्या पाण्याचा आणि गाडी रोज पुसली गेलीच पाहिजे या मालकांच्या हट्टाचा तो दोष आहे. रोजचें कोरडें पुसणें बंद करून आठवड्या-पंधरवड्यानें एकदां गाडी नीट धुतली, तर रंग अधिक काळ टिकतो. धूळ नुसती बसून राहिली तर ती चरा पाडीत नाहीं. तिच्यावर दाब देऊन हात फिरला कीं पाडते.

यावरून धुण्याचें एकच सूत्र निघतें: जी माती न शिवतां निघेल ती आधीं तशीच काढावी, आणि उरलेलीस शिवतांना ती रंगावर घांसली जाऊं नये. ही पद्धति क्रमानें अशी आहे. गाडी सांवलींत उभी करावी आणि बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबावें. ऑक्टोबरच्या उन्हांत तापलेल्या पत्र्यावर साबणाचें पाणी क्षणांत वाळतें आणि त्याचे डाग पडतात. प्रथम चाकें धुवावीं, कारण ब्रेकची लोखंडी भुकटी आणि डांबर त्यांवर सर्वांत अधिक असतें. चाकांचा स्पंज, फडकें आणि बादली निराळी ठेवावी. तीं पुन्हां गाडीच्या अंगाला लावूं नयेत.

त्यानंतर सर्व गाडीवर वरून खालीं पाणी सोडावें. ज्यांच्यापाशीं जोराच्या पाण्याचें यंत्र नाहीं, त्यांनीं कुंड्यांवर फवारणी करण्याचा साधा हातपंप घेऊन त्यांतून शांपूचें पाणी मारावें आणि तें पांच मिनिटें राहूं द्यावें. मात्र वाळूं देऊं नये. एवढ्यानें माती सैल होते आणि पाण्याबरोबर खालीं ओघळते. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीसाठीं मिळणाऱ्या सौम्य शांपूचें पाणी, दुसरींत निव्वळ पाणी. मऊ लोकरी किंवा मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूंत बुडवून टप धुवावा, मग कांचा, मग बॉनेट आणि डिकी, त्यानंतर दारें, आणि अगदीं शेवटीं दारांची खालची कड व बंपर, कारण चिखल तेथेंच अधिक असतो. प्रत्येक भाग झाला कीं मोजा आधीं निव्वळ पाण्यांत खळबळून घ्यावा आणि मगच पुन्हां शांपूंत घालावा. दुसरी बादली थोड्याच वेळांत गढूळ होते. त्या बादलीच्या तळाशीं बसलेली वाळू पाहिली कीं, एरव्हीं ती कोठें गेली असती हें वेगळें सांगावें लागत नाहीं. हात सरळ रेषेंत आणि हलका फिरवावा. भांडीं घांसण्याचा साबण येथें योग्य नव्हे; तो तेलकटपणाबरोबर आधींचें मेणही काढून टाकतो.

पाण्याच्या काटकसरीचा प्रश्नही येथें विचारांत घेण्यासारखा आहे. नळी उघडी टाकून गाडी धुणारा मनुष्य मिनिटाला सहज दहा लिटर पाणी वाहूं देतो. बादल्यांच्या पद्धतींत सारी गाडी पन्नास-साठ लिटरांत स्वच्छ होते. ज्या शहरांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें हा फरक कांहीं लहान नाहीं.

गाडी धुतल्यावर तिच्यावर पाणी वाळूं देणें ही नवशिक्याची नेहमींची चूक आहे. बोअरच्या जड पाण्यांत चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात; पाणी उडून जातें आणि क्षार पांढऱ्या वलयांच्या रूपानें रंगावर बसतात. म्हणून गाडी लगेच टिपून घ्यावी. टिपणें आणि पुसणें यांत अंतर आहे. मोठें, दाट लवीचें मायक्रोफायबरचें फडकें पृष्ठभागावर पसरून हलकेंच ओढून घ्यावें. या कापडाचा धागा पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचा, अतिशय बारीक चिरलेला असतो. त्यामुळें तें पाणी शोषतें आणि धुळीचा कण लवेंत ओढून घेतें. जुनें धोतर किंवा बनियन हें मऊ भासलें तरी त्याची शिवण आणि त्यांत अडकलेला कण हीं दोन्ही घातक ठरतात. हीं फडकीं सुती कपड्यांबरोबर धुवूं नयेत, आणि एखादें जमिनीवर पडलें तर तें नीट धुतल्यावांचून गाडीला पुन्हां लावूं नये.

येथपर्यंतचें काम नीट झालें, तरी पुष्कळांची गाडी एवढ्यानेंच ओळखूं न येण्याइतकी बदलते, आणि पहिल्या दिवशीं येथें थांबलें तरी कांहीं बिघडत नाहीं. पुढें जावयाचें असल्यास एक घरगुती परीक्षा करावी. हातांत प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून धुतलेल्या ओल्या बॉनेटवरून बोटें हलकेच फिरवावीं. पृष्ठभाग कांचेसारखा लागला तर उत्तम. खरखर लागली तर धुण्यानें न निघणारे लोखंडाचे, डांबराचे किंवा झाडाच्या चिकाचे कण लेपांत रुतले आहेत असें समजावें. ते काढण्यासाठीं 'क्ले बार' म्हणून मातीच्या वडीसारखा एक पदार्थ मिळतो. त्याचा लिंबाएवढा गोळा कणकेप्रमाणें मळून चपटा करावा आणि शांपूच्या पाण्यानें गाडी सतत निसरडी ठेवून तो दाब न देतां मागेंपुढें फिरवावा. खरखर थांबली कीं तो भाग झाला. गोळ्याची मळलेली बाजू आंत घेऊन नवी बाजू वर आणावी. तो हातांतून जमिनीवर पडला, तर मोह न धरतां फेंकून द्यावा. एका वडीच्या किंमतीसाठीं सारें बॉनेट चिरून घेणें शहाणपणाचें नव्हे.

आतां पॉलिशचा प्रश्न. त्या कुटुंबांत बापलेकांची खरी गांठ पडली ती येथेंच. पॉलिश म्हणजे मेण नव्हे. पॉलिशमध्यें घांसणारी बारीक पूड असते. चरा भरून येत नसतो. चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा लेप घांसून चऱ्याच्या तळापर्यंत खालीं आणावा, तेव्हांच तो दिसेनासा होतो. म्हणजे पॉलिशची प्रत्येक फेरी ही ठेवींतून काढलेली रक्कम असते. कधीं कधीं ती काढणें योग्यही असतें. पण किती काढली याचा हिशेब पाहिजे. याकरितां नियम असा कीं, सर्वांत सौम्य पॉलिशनें, लहानशा जागेवर, प्रथम परीक्षा पाहावी. तिच्यानें भागलें तर कडक कंपाउंडला हात लावूं नये. नख फिरविलें असतां जो चरा नखाला अडकतो तो पॉलिशनें जाण्याजोगा नसतो, त्याचा नाद सोडावा. पत्र्याच्या धारा आणि घड्या यांवर लेप आधींच पातळ असतो, म्हणून तेथें कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. गरगर फिरणारें यंत्र नवशिक्यानें वापरूं नये. तें एकाच ठिकाणीं क्षणभर अधिक थांबलें तरी उष्णतेनें लेप जळतो.

मुलानें बॉनेटच्या एका कोपऱ्यांत हातभर चौकोन आंखून घेतला आणि स्पंजच्या गादीवर वाटाण्याएवढें पॉलिश घेऊन तें हातानें, बेताच्या दाबानें फिरविलें. वडील शेजारीं उभे राहून पाहत होते. थोड्या वेळानें त्यांनीं फडकें उचलून न्याहाळलें आणि म्हणाले, "अरे, फडक्याला अजून रंगसुद्धां लागला नाहीं. जरा दाबून घांस. नाहीं तर आण इकडे, मी कंपाउंड लावून दाखवितों."

"बाबा, या गाडीचा रंग फडक्याला लागतां कामा नये," मुलगा म्हणाला. "लागला, तर वरचा लेप गेला असें समजायचें."

वडिलांचा क्षणभर विश्वास बसेना. वीस वर्षें ज्या खुणेवर त्यांनीं काम केलें, तीच खूण या गाडीवर धोक्याची ठरत होती. त्यांनीं जुन्या सवयीनें काम चालू ठेविलें असतें, तर फडकें निळें होईपर्यंत त्यांचा हात थांबला नसता, आणि फडकें निळें झालें असतें तेव्हां परत फिरण्याची वेळ टळून गेली असती. अनुभव खोटा नव्हता. ज्या वस्तूचा तो अनुभव होता ती वस्तु बदलली होती. कित्येक घरांत हौसेनें आणि प्रेमानें गाड्यांचे रंग उडविले जातात, ते याच रीतीनें. जुन्या गाडीबद्दल शंका असल्यास दाराच्या आंतल्या कडेसारख्या आडजागीं पॉलिशचा थेंब घेऊन पाहावें. फडक्याला रंग आला तर रंग एकथरी आहे, किंवा वरचा लेप गेलेला आहे. पैकीं कांहींही असलें, तरी पुढें जाण्यापूर्वीं जाणत्या कारागिराचा सल्ला घ्यावा.

चौकोन पुसून पाहिला तेव्हां त्यांतील जाळें निम्म्याहून अधिक विरलें होतें; कांहीं खोल चरे मात्र तसेच होते. येथें नवशिक्याच्या मनाची परीक्षा असते. आणखी एक फेरी, आणखी एक फेरी, असें करीत तो त्या शेवटच्या चऱ्याच्या मागें लागतो. बापलेकांनीं मात्र सर्व गाडीवर सौम्य पॉलिशची एकच फेरी द्यावयाची आणि उरलेले चरे राहूं द्यावयाचे, असें ठरविलें. हा निर्णय अगदीं योग्य होता. रोज रस्त्यावर धांवणारी गाडी कांहीं संग्रहालयांतील वस्तु नव्हे.

पॉलिशनंतर उघड्या पडलेल्या लेपावर पांघरूण म्हणून मेण लावितात. यांतील प्रसिद्ध कार्नोबा मेण ब्राझिलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर सांपडतें. तें ऐंशी अंशांहून अधिक उष्णतेस वितळतें, म्हणून तें कठीण आणि टिकाऊ गणलें जातें. मेण अतिशय पातळ लावावें. पोळीला तुपाचा हात लावावा, तितकेंच. जाड थरानें चकाकी वाढत नाहीं, केवळ पुसण्याचे श्रम वाढतात. मेण काळ्या खरखरीत प्लॅस्टिकला लागलें तर त्याचे पांढरे डाग पडतात आणि ते सहजासहजीं जात नाहींत. म्हणून तेथेंही आधीं चिकटपट्टी लावावी. मुलगा तेवढें विसरला आणि आरशांच्या बुडाशीं पांढरे ओघळ उमटले. पुढें चार दिवस जुन्या दांतांच्या ब्रशानें ते काढण्यांत त्याच्या सकाळी गेल्या. मेण कांहीं आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतें. कृत्रिम सीलंट त्याहून अधिक टिकतात आणि हल्लींचे सिरॅमिक लेप त्याहूनही अधिक. परंतु ते बसल्यावर खालचा प्रत्येक दोष त्यांच्याखालीं कोंडला जातो, म्हणून पहिल्याच प्रयत्नांत ते हातीं घेऊं नयेत.

आंतील भागाविषयीं फार सांगण्याची गरज नाहीं. आधीं केर ओढून घ्यावा, मग ओलसर फडक्यानें पुसावें, आणि विजेच्या बटणांवर पाणी फवारूं नये. परंतु चकाकी आणणारे तेलकट द्रव कोठें लावूं नयेत, हें मात्र पक्कें ध्यानांत ठेवावें. सुकाणूचें चक्र, ब्रेक व क्लच यांचे पायपट्टे, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आणि ब्रेकच्या चकत्या यांना असा द्रव किंवा मेण लागणें म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. समोरच्या फळीवर तेलकट झळाळी आणली तर तिचें प्रतिबिंब पुढच्या कांचेंत पडून चालविणाराचे डोळे दिपतात. गाडी धुतल्यावर प्रथम बाहेर काढतांना ती सावकाश चालवून ब्रेक दोन-तीनदां हलकेच दाबावा, म्हणजे चकत्यांवरचें पाणी उडून जातें. सौंदर्याची हौस सुरक्षिततेच्या आड येतां कामा नये.

उजळलेल्या गाडीची पुढील निगा तर आणखीच सोपी आहे. पक्ष्याची विष्ठा दिसली कीं ती वाळण्यापूर्वीं ओल्या कापसानें भिजवून उचलावी, खरवडूं नये. तिच्यांतील आम्ल उन्हाच्या मदतीनें थोड्याच दिवसांत लेपाला कोरतें. धूळ बसली तर बसूं द्यावी. पिसांची किंवा धाग्यांची झटकणी घेऊन ती रोज उडविण्याचा मोह टाळावा.

खंडेनवमीच्या सकाळीं त्या कुटुंबांत गाडीची पूजा झाली. झेंडूची माळ नेहमींप्रमाणें बॉनेटवर आडवी न टाकतां पुढच्या जाळीला बांधली, कारण माळेचा दोरा वाऱ्यानें हलून रंगावर घांसत राहतो. वडिलांनीं कुंकवाचें स्वस्तिक मात्र बॉनेटवरच काढलें, आणि मुलानें त्याला हरकत घेतली नाहीं. संध्याकाळीं तें उन्हानें पक्कें होण्यापूर्वीं पुसावयाचें होतें. वडील उठले, त्यांनीं मायक्रोफायबरचें एक फडकें पाण्यांत बुडवून पिळलें, स्वस्तिकावर तें थोडा वेळ नुसतें ठेविलें, आणि मग दाब न देतां एका सरळ रेषेंत ओढून घेतलें. फडक्याला कुंकू लागलें होतें. निळा रंग कोठेंही नव्हता.